मान कुणाचा, काम कुणाचे?

(विष्णुपुरी, नांदेड येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आज आपण गोदामाईच्या काठी, विष्णुपुरीत एकत्र आलो आहोत. काळेश्वराचे प्राचीन मंदिर येथे आहे. १९८१ साली श्री गुरू गोविंदसिंघजींच्या नावाने सुरू झालेली अभियांत्रिकी संस्था, १९९४ साली स्थापन झालेले स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, असे विद्येचे व सेवेचे मोठे केंद्र येथे उभे राहिले आहे. परंतु महाराष्ट्राला विष्णुपुरीचे नाव ठाऊक झाले ते प्रामुख्याने येथील जलप्रकल्पामुळे. हा उपसा सिंचनाचा प्रकल्प आहे. नदी खालून वाहते, शेते उंचावर आहेत. म्हणून शंकरसागर जलाशयातील पाणी पंपांनी वर चढवावे लागते. पाण्याचा स्वभाव उताराकडे जाण्याचा आहे. आपण कितीही सदिच्छा बाळगली, तरी ते आपणहून चढ चढत नाही. त्यासाठी यंत्रणा उभारावी लागते आणि ती रोज चालवावी लागते.

प्रतिष्ठेचेही असेच आहे. चार माणसे एकत्र आली की बोलण्याचा, पुढे बसण्याचा आणि निर्णय घेण्याचा ओघ आपोआप प्रतिष्ठितांकडे जातो. आणि सतरंज्या घालण्याचे, पाणी भरण्याचे, खरकटे काढण्याचे काम आपोआप ज्याला बाहेर मान नाही त्याच्याकडे जाते. हे कोणी ठरवून करीत नाही, म्हणूनच ते कोणाच्या सहज लक्षातही येत नाही. आज मला आपल्यासमोर एवढीच गोष्ट मांडायची आहे, की कोणत्याही समूहात समता केवळ भावनेने येत नाही. ती व्यवस्थेने आणि नित्य आचरणाने आणावी लागते. ज्या संघटनेला हे समजत नाही, ती बाहेरच्या समाजाची उतरंड जशीच्या तशी आपल्या घरात घेऊन येते.

प्रतिष्ठा माणसाला काय करायला लावते?

हा विषय केवळ भावनिक नाही. समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी तो तपासून पाहिला आहे. अमेरिकेत शिकागो विद्यापीठातील फ्रेड स्ट्रॉडबेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तेथील न्यायालयांत सामान्य नागरिकांची ज्युरी असते. कायद्याच्या दृष्टीने तिच्यातील सर्व सदस्य समान. प्रत्येकाला एकच मत. अभ्यासकांनी खऱ्या ज्युरींच्या यादीतून माणसे घेतली, त्यांना खटल्यांचे ध्वनिमुद्रण ऐकवले आणि त्यांची चर्चा टिपून घेतली. आढळले असे, की व्यवसायांचे मालक आणि वरच्या पेशातील लोक अधिक बोलले, त्यांचे म्हणणे इतरांना अधिक पटले आणि प्रमुख म्हणूनही त्यांचीच निवड अधिक झाली. मजूर आणि स्त्रिया कमी बोलल्या. खटल्याची माहिती तर सर्वांना सारखीच होती! म्हणजे समूहातील भूमिका ज्ञानाने ठरली नाही. ती खोलीबाहेरून आणलेल्या प्रतिष्ठेने ठरली.

आता आपल्या देशातील उदाहरण पाहा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशाच्या ग्रामीण भागात केलेला एक प्रयोग २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात माध्यमिक शाळेतील ३२१ मुले उच्च मानल्या गेलेल्या जातींतील होती आणि ३२१ मुले अनुसूचित जातीतील. त्यांना कागदावरील चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जितकी कोडी सुटतील तितके पैसे. जेव्हा कोणाची जात उच्चारली गेली नाही, तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक पडला नाही. परंतु जेव्हा सहा मुलांच्या गटात प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली गेली, तेव्हा अनुसूचित जातीतील मुलांची कामगिरी जवळपास एक पंचमांशाने घसरली. मुले तीच, बुद्धी तीच, कोडीही तशीच. बदलले ते एवढेच, की या गटात आपली जागा कोणती आहे याची त्यांना सर्वांसमक्ष आठवण करून दिली गेली.

बंधूंनो, या प्रयोगावर प्रत्येक शिक्षकाने आणि प्रत्येक कार्यकर्त्याने थांबून विचार करावा. एखादा तरुण बैठकीत गप्प बसतो, तेव्हा आपण सहज म्हणून जातो की त्याला बोलता येत नाही, त्याच्यात नेतृत्वगुण नाहीत. त्याच्यात गुण नाहीत, की आपण त्याला त्याची 'जागा' दाखवून दिली आहे, याचा शोध आपण घेतो का?

या मौनाची किंमत केवळ त्या एका माणसाला मोजावी लागत नाही. ती संपूर्ण समूहाला मोजावी लागते. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दोन प्रचंड विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे प्राणास मुकली. दाट धुके, संदेशांतील गोंधळ अशी अनेक कारणे त्यामागे होती. परंतु ध्वनिमुद्रणातून एक गोष्ट स्पष्ट झाली. धावपट्टीवरून दुसरे विमान बाजूला झाले आहे ना, असा प्रश्न विमानातील अभियंत्याने विचारला होता. मुख्य वैमानिक हा त्या कंपनीतील अत्यंत मानाचा माणूस, इतर वैमानिकांना शिकवणारा. त्याने ठामपणे उत्तर दिले आणि विमान पुढे नेले. अभियंत्याने पुन्हा विचारले नाही. त्यानंतरच्या वर्षांत जगभरातील विमानसेवांनी आपल्या प्रशिक्षणाचा रोखच बदलला. कनिष्ठाने शंका बोलून दाखवायचीच आणि वरिष्ठाने ती ऐकायचीच, हे शिकवले जाऊ लागले. रुग्णालयांतही तसेच घडले. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी जी तपासणी-सूची तयार केली, तिच्यात शल्यचिकित्सकापासून परिचारिकेपर्यंत प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगून ओळख करून द्यावी, असा नियम आहे. ज्याने सुरुवातीला आपले नाव उच्चारले, तो पुढे धोका दिसला तर बोलण्याची शक्यता अधिक, हा त्यामागचा विचार. गोष्ट साधी आहे; पण ती सदिच्छेवर सोडलेली नाही, नियमात बसवलेली आहे.

पद मोठे, मान नाही

आपल्या समाजात या उतरंडीला जन्माचा आधार मिळाला, म्हणून ती अधिक कठोर झाली. एखाद्याने विद्या मिळवली, पद मिळवले, तरी ती त्याची पाठ सोडीत नसे. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकून परतले आणि बडोदा संस्थानात अधिकारी म्हणून रुजू झाले. ज्ञानाने त्या कचेरीत त्यांच्या तोडीचा माणूस शोधून सापडला नसता. परंतु त्यांच्या हाताखालचे शिपाई कागदपत्रे दुरून त्यांच्या टेबलावर टाकीत. कचेरीत त्यांना पिण्याचे पाणी मिळणे दुरापास्त झाले आणि शहरात राहायला घर मिळाले नाही. शिपाई पदाने कनिष्ठ होता, पण जातीच्या जोरावर तो स्वतःला आपल्या अधिकाऱ्यापेक्षा वरचा समजत होता. व्यवस्थेने दिलेली भूमिका आणि समाजाने दिलेली प्रतिष्ठा यांच्या संघर्षात प्रतिष्ठा जिंकली, आणि देशाने बडोद्यात एका असामान्य बुद्धिमत्तेची सेवा गमावली. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिला होता, की राजकारणात आपण समान होणार आहोत, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमताच राहणार आहे, आणि हा अंतर्विरोध आपण लवकर दूर केला नाही तर लोकशाहीची इमारतच धोक्यात येईल. त्यांना बडोद्याचा अनुभव होता. कागदावरचे पद पुरेसे नसते हे त्यांना कोणी सांगण्याची आवश्यकता नव्हती.

आणि हे दूरच्या बडोद्याचेच चित्र नाही. आपल्या मराठवाड्याने १९७८ साली काय पाहिले? विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव जुलै महिन्यात विधिमंडळाने संमत केला आणि त्यानंतर नांदेड, परभणीच्या गावोगावी दलित बांधवांची घरे जळाली. ज्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या गावाची कामे केली, ती माणसे आपल्या महापुरुषाचे नाव मागू लागताच परकी ठरली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. मध्ये सोळा वर्षे लोटली. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या दिनी, आपल्या या विष्णुपुरीचे विद्यापीठ अस्तित्वात आले. येथील वसतिगृहांत जी मुले-मुली आज शेजारी शेजारी राहतात, त्यांना हा इतिहास ठाऊक असला पाहिजे. जखम झाकून ठेवल्याने बरी होत नाही.

कोणी म्हणेल, हा जुना काळ झाला. २०११-१२ मध्ये देशभरातील ४२ हजारांहून अधिक कुटुंबांचे जे मानवविकास सर्वेक्षण झाले, त्यात सुमारे २७ टक्के कुटुंबांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात आपण अस्पृश्यता पाळतो, असे स्वतःच सांगितले. संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाल्याला तेव्हा साठ वर्षे उलटून गेली होती. आणि हा आकडा मान्य करणाऱ्यांचा आहे!

भक्तीच्या वाटेवरही

आपल्याकडे समतेची भावना नव्हती असे नाही. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. तेथे वय, जात, पैसा पाहिला जात नाही. जगात याला फारशी तोड सापडणार नाही. तरीही समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे एका दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे लिहून ठेवले. एकच अभंग गात दिवसभर चालणारी माणसे मुक्कामाला मात्र जातीप्रमाणे वेगळ्या पंक्तीत जेवत होती. भजन एक, पंगत वेगळी! आणि चोखोबांच्या नावाचा गजर करणाऱ्या पंढरपुरात विठ्ठलाच्या मंदिराचे दार दलितांसाठी उघडावे, म्हणून मे १९४७ मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले.

याचा अर्थ भक्ती खोटी होती असा नाही. अर्थ असा, की भावना कितीही उत्कट असली, तरी जेवणाच्या वेळी कोण कोणाशेजारी बसणार हे जर जुन्या रूढीवर सोडले, तर रूढीच जिंकते.

ज्या सत्पुरुषांनी हे ओळखले, त्यांनी समूहातील भूमिकांची मांडणीच बदलली. त्यांतील दोन उदाहरणे आपल्या शेजारचीच आहेत.

बाराव्या शतकात, आज बीदर जिल्ह्यात असलेल्या कल्याण नगरीत महात्मा बसवेश्वर बिज्जल राजाचे मंत्री होते. लातूर आणि नांदेडच्या घराघरांत त्यांची प्रतिमा पूजली जाते. परंपरा सांगते, की त्यांनी उभारलेल्या अनुभवमंटपात अध्यक्षस्थानी स्वतः मंत्रिमहोदय नव्हते. ते पीठ अल्लमप्रभूंचे होते. राज्यात ज्यांचा शब्द चालत असे, ते बसवेश्वर तेथे एक शरण म्हणून बसत. त्यांच्याबरोबर चर्मकार हरळय्या, परीट माचिदेव, नावाडी चौडय्या आणि अक्कमहादेवींसारख्या स्त्रिया बसत, बोलत आणि वचने रचीत. बसवेश्वरांनी केवळ सर्व समान आहेत असे सांगितले नाही. त्यांनी आपली खुर्ची रिकामी करून दिली. पुढे हरळय्यांचा पुत्र आणि ब्राह्मण कुळातील मधुवरसांची कन्या यांचा विवाह झाला, तेव्हा राजसत्तेने दोन्ही पित्यांना देहदंड दिला, असे परंपरा सांगते. समतेचे प्रवचन सत्तेला चालते. समतेचा व्यवहार सुरू झाला की सत्ता अस्वस्थ होते.

दुसरे उदाहरण तर नांदेडचे प्रातःस्मरणच आहे. १७०८ साली श्री गुरू गोविंदसिंघजींनी येथे देह ठेवला आणि श्री गुरू ग्रंथसाहिबांकडे गुरुपद सोपवले. त्याच्या नऊ वर्षे आधी, १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे त्यांनी खालसा पंथाची स्थापना केली. शीर मागितल्यावर जे पाच जण पुढे आले, ते पंज प्यारे कोण होते? परंपरेनुसार लाहोरचे दयाराम खत्री, हस्तिनापूरचे धरमदास जाट, जगन्नाथपुरीचे हिंमतराय पाणी वाहणाऱ्या कुळातील, द्वारकेचे मोहकमचंद शिंपी आणि आपल्या शेजारच्या बीदरचे साहिबचंद नाभिक कुळातील. भारताच्या चारही दिशा आणि समाजाचे अनेक थर त्या पाच नावांत एकत्र आले. पण गुरूजींचे खरे थोरपण त्याच्या पुढच्या कृतीत आहे. पाचांना अमृत दिल्यावर ते स्वतः त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्याच हातून त्यांनी अमृत घेतले. गुरू शिष्य झाला, शिष्य गुरू झाले. बीदरच्या नाभिकाच्या मुलासमोर दशमगुरू हात जोडून उभे आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणा. त्यानंतर त्या पंथात कोण कोणाला हलका म्हणणार?

आणि लंगर पाहा. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये आपल्यापैकी अनेक जण जेवले असतील. तेथे सर्वांनी एका ओळीत जमिनीवर बसायचे, जे मिळेल ते घ्यायचे. भांडी घासणे आणि जोडे सांभाळणे ही सेवा मानली जाते आणि ती करायला मोठमोठ्या घरची माणसे येतात. येथे समतेवर व्याख्यान होत नाही. बसण्याची पद्धत आणि कामाची वाटणीच ते शिकवते.

आपल्या संघटनेपुढील प्रश्न

संघाच्या कार्यपद्धतीतही हीच दृष्टी आहे. शाखेत आज्ञा देणारा मुख्य शिक्षक पुष्कळदा महाविद्यालयात शिकणारा तरुण असतो आणि त्याच्या आज्ञेवर प्राध्यापक, व्यापारी, डॉक्टर दक्ष उभे राहतात. संघ शिक्षा वर्गात प्रत्येक जण आपले ताट स्वतः घासतो; वाढण्याची पाळी सर्वांना येते. हाक मारताना आडनाव नाही, नावापुढे 'जी'. या गोष्टी किरकोळ नाहीत. महात्मा गांधींनी १९३४ मध्ये वर्ध्याचे शिबिर पाहिले होते. त्यानंतर अनेक वर्षांनी, सप्टेंबर १९४७ मध्ये दिल्लीत स्वयंसेवकांसमोर बोलताना, तेथील शिस्त, साधेपणा आणि अस्पृश्यतेचा अभाव यांचा त्यांनी आवर्जून उल्लेख केला. तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनी ८ मे १९७४ रोजी पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत, अस्पृश्यता चुकीची नसेल तर जगात काहीच चुकीचे नाही, अशा आशयाचे निःसंदिग्ध प्रतिपादन केले. १४ एप्रिल १९८३ रोजी पुण्यात सामाजिक समरसता मंचाची स्थापना झाली. एक पाणवठा, एक मंदिर, एक स्मशानभूमी हा आग्रह सरसंघचालक मोहनजी भागवत यांनी वारंवार मांडला आहे.

हे सर्व अभिमानास्पद आहे. पण कार्यकर्त्यांच्या बैठकीत केवळ अभिमानाचे बोलून चालत नाही. शाखेच्या एका तासात जे घडते, ते उरलेल्या तेवीस तासांत आपल्याबरोबर किती टिकते, हा खरा प्रश्न आहे.

गणेशोत्सव मंडळाचा विचार करा. पावतीपुस्तक कोणाच्या हातात असते? आरतीचा मान कोणाला मिळतो? मंडपाचे बांबू कोण उचलतो, आणि महाप्रसादाच्या पत्रावळी कोण गोळा करतो? अनेक ठिकाणी उत्तर ठरलेले आहे. जो मोठी वर्गणी देतो तो अध्यक्ष, जो बोलका आणि शिकलेला तो चिटणीस, आणि वस्तीतून येणारी चार मुले म्हणजे 'कार्यकर्ते'. दहा वर्षांनीही ती मुले बांबूच उचलत असतात. त्यांच्यावर कोणी अन्याय करीत नाही, कोणी त्यांना वाईट बोलत नाही. सगळे त्यांचे कौतुकच करतात. पण हिशेबाची वही कधी त्यांच्या हातात येत नाही.

सेवावस्तीतून आलेला कार्यकर्ता आयुष्यभर 'वस्तीचा कार्यकर्ता' म्हणूनच ओळखला जातो का? त्याला समरसतेच्या कार्यक्रमातच बोलावले जाते, की अर्थसंकल्पावर, शिक्षणावर, परराष्ट्र धोरणावरही बोलायला सांगितले जाते? वर्षातून एकदा आपण वस्तीत जाऊन भोजन करतो, छायाचित्र काढतो. तो कधी आपल्या घरी, आपल्या मुलीच्या लग्नाच्या पंगतीत, पाहुण्यांच्या शेजारी बसून जेवला आहे का? आपण त्याच्याकडे जाणे यात आपला मोठेपणा शाबूत राहतो. त्याने आपल्याकडे हक्काने येणे, यात नाते असते.

माता-भगिनींनो, घराचाही विचार केला पाहिजे. घरकामाला येणाऱ्या मावशींसाठी चहाचा कप वेगळा का ठेवलेला असतो? त्या कपाचे कारण मुलाने विचारले, तर आपण काय सांगतो? आपल्या घरातील हळदीकुंकवाला पती निधन पावलेल्या भगिनीचे स्थान काय? ती स्वयंपाकाला चालते, मुलांना सांभाळायला चालते, पण कुंकू लावायला चालत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. एका गावाला जे सुचले, ते करण्यासाठी आपल्या घराला कोणत्या शासकीय परिपत्रकाची वाट पाहायची आहे?

शिस्त आणि उतरंड

येथे एक शंका घेतली जाते, आणि ती रास्त आहे. संघटनेत कोणी तरी पुढे आणि कोणी तरी मागे असणारच. ज्येष्ठांचा मान, अनुभवाचा आदर, आज्ञापालन यांशिवाय काम कसे चालेल? सर्वच समान झाले तर शिस्त कोठे राहील?

शिस्त हवीच. पण कामाची उतरंड आणि जन्माची किंवा धनाची उतरंड यांतील भेद ओळखला पाहिजे. कामाची उतरंड कामासाठी असते आणि काम संपले की संपते. शाखेची विकिर ही आज्ञा झाली, की मुख्य शिक्षक पुन्हा विद्यार्थी आणि प्राध्यापक पुन्हा प्राध्यापक. ती पात्रतेने मिळते, पाळीने फिरते आणि दुसऱ्याला देता येते. जन्माची उतरंड मात्र माणसाबरोबर सगळीकडे जाते. बैठकीत जाते, स्वयंपाकघरात जाते, स्मशानातही जाते. पहिली संघटना बांधते. दुसरी आतून पोखरते. बाहेरून एकसंध दिसणारा समाज संकटाच्या वेळी का विस्कळीत होतो, याचे उत्तर इतर कोणाच्या कारस्थानात शोधण्यापूर्वी या पोखरलेल्या जागी शोधावे लागेल. ज्याला आपण कधी निर्णयात घेतले नाही, त्याने आपल्या निर्णयासाठी प्राण पणाला लावावेत, ही अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

म्हणून मी तीन साध्या गोष्टी आपल्यासमोर ठेवतो. पहिली, प्रत्येक बैठकीत सर्वांत कनिष्ठ आणि सर्वांत कमी बोलणाऱ्या सदस्याला आधी बोलू द्यावे. ज्येष्ठांनी शेवटी बोलावे. ज्येष्ठ आधी बोलले, की चर्चा संपते आणि अनुमोदन सुरू होते. दुसरी, कामाची पाळी लावावी. या वर्षी ज्याने सतरंज्या घातल्या, त्याच्याकडे पुढच्या वर्षी हिशेब द्यावा. ज्याने हिशेब ठेवला, त्याने वाढायला आणि भांडी घासायला उभे राहावे. हिशेब येत नसेल, तर शिकवावा. आपल्यालाही तो कोणी तरी शिकवलाच होता. तिसरी, आपल्या घरातील ताट, कप आणि पंगत एक असावी, आणि त्यासाठी वेगळा कार्यक्रम असू नये.

या गोष्टी लहान आहेत. त्यांची वृत्तपत्रात बातमी येणार नाही. पहिल्या काही बैठकांत अवघडलेपणही येईल. ज्याला आजवर कोणी विचारले नाही, तो लगेच बोलणार नाही. ज्याला आजवर कोणी अडवले नाही, त्याला गप्प बसणे जड जाईल. तरीही नेमाने हे चालू ठेवावे लागेल. येथील पंप एक दिवस चालवून कोणाचे शेत भिजले नाही.

बसवेश्वरांनी आपले आसन दुसऱ्याला दिले. दशमगुरूंनी आपल्या शिष्यांपुढे हात जोडले. हे दोघेही आपल्याच भागाचे, आपल्याच गोदा-मांजरेच्या खोऱ्यात ज्यांचे स्मरण रोज होते असे महापुरुष आहेत. त्यांच्या प्रतिमेला हार घालणे सोपे आहे. पुढच्या बैठकीत आपल्या हातातील हिशेबाची वही वस्तीतल्या त्या मुलाच्या हाती देणे कठीण आहे. ते कठीण काम करण्याची शक्ती परमेश्वर आपल्या सर्वांना देवो, अशी प्रार्थना करतो आणि माझे बोलणे संपवतो.

भारत माता की जय!